मागाहून ठेवलेली अंडी

"ती फ्रीजमध्ये नको," मामा म्हणाले.

वैजू फ्रीजचं दार उघडं धरून उभी होती. दुसऱ्या हातात टोपली, टोपलीत भाताचं तूस आणि तुसात बुडवून ठेवलेली गावठी अंडी.

"मग बाहेर नासतील की, आबा."

"खायची असती तर ठिवायची. ही खायची न्हाईत."

"मग काय करायची?"

मामांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं आणि पंख्याकडे बघत बसले.

मामा म्हणजे माझे सासरे, साताप्पा रेडेकर. आजऱ्याकडच्या गावाहून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे इचलकरंजीला आले होते. ती टोपली त्यांनी एस्टीत मांडीवरून खाली ठेवली नव्हती. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. माझी बायको वैजू त्यांची एकुलती एक लेक. गावाकडच्या घरात मामा आणि सासूबाईंच्या मागं राहिलेल्या चार कोंबड्या, एवढंच उरलं होतं. इकडं येताना त्या कोंबड्याही त्यांनी पुतण्याच्या बायकोला देऊन टाकल्या होत्या.

"ही शेवटची घातलेली," ते म्हणाले. "एवढी द्यायला मन झालं न्हाई."

ह्या गोष्टीला आता पंधरा वर्षं होत आली. त्या दिवसापर्यंत माझं आणि मामांचं बोलणं म्हणजे, "गाडी वेळेवर मिळाली का?" "मिळाली." "भात कसा आहे?" "बरा हाय." आमचं भांडण कधीच नव्हतं. भांडण व्हायलासुद्धा ओळख लागते. मी सूतगिरणीत मेंटेनन्सला, दिवसभर यंत्रांत डोकं घालून बसणारा. ते मुळातच मितभाषी. त्यातून सासरा आणि जावई. दोघंही एकमेकांची मर्जी सांभाळून दमून जायचो.

पण त्या दिवशी अंडी बघून मला माळ्यावरची पेटी आठवली. सांगलीच्या एका कृषी प्रदर्शनातून मी हौसेनं छोटा इन्क्युबेटर आणला होता. आणल्यापासून एकदाही लावला नव्हता. वैजू दर दिवाळीला तो खाली काढून पुसायची आणि मला ऐकू येईल असा सुस्कारा टाकून परत वर ठेवायची.

मी शिडी लावून पेटी उतरवली. मामांनी ती चारी बाजूंनी बघितली, झाकण उघडून आत हात घातला.

"ह्यात कोंबडी कुठं बसती?"

"कोंबडी लागत नाही, मामा. हा हीटर, हा बारका पंखा. ऊब सगळीकडं सारखी."

"आन अंडी फिरवायची कुणी?"

"आपण." मी पेन्सिलीनं प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली मारत होतो. "सकाळी फुली वर, दुपारी खाली, संध्याकाळी परत वर. म्हणजे कुठलं फिरवलं, कुठलं राहिलं, ते कळतं."

"कोंबडी काय फुली मारत न्हाई," मामा म्हणाले. पण एकेक अंडं तुसातून काढून, टॉवेलानं पुसून त्यांनीच माझ्या हातात दिलं.

दोन दिवसांनी डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि वाकायचं नाही, जड उचलायचं नाही असं बजावलं. मागच्या खोलीत त्यांची कॉट होती आणि तिथंच खाली जमिनीवर पेटी. सकाळी आम्ही उठायच्या आत ते अंथरुणाची घडी करून ठेवत, जेवून झालं की आपलं ताट स्वतःच विसळत. त्यांची पिशवी कॉटशेजारी चेन लावून तयार असायची. धुतलेले कपडे वाळले की परत पिशवीत. खोलीतल्या कपाटाचा एक कप्पा वैजूनं रिकामा करून दिला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"डॉक्टरनं मोकळं केलं की निघणार," ते पहिल्याच दिवशी बोलून गेले होते. "लेकीच्या दारात बाप चार दिवस पाव्हणा. पाचव्या दिवशी लोक मोजायला लागत्यात."

"कोण लोक?" वैजूनं विचारलं.

"असत्यात लोक."

त्यावर ती काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. मला वाटलं, बापलेकीचा विषय आहे, तिला वाटलं तर ती बोलेल.

अंडी मात्र मधे आली. "पिल्लं निघायला तीन आठवडे लागतात, मामा," मी म्हणालो. त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "मग पिल्लं घिऊनच जातो."

मी सकाळी कामावर जाण्यापूर्वी अंडी फिरवायचो, दुपारी वैजू, संध्याकाळी परत मी. मामांना वाकायची बंदी, म्हणून ते खुर्चीत ताठ बसून देखरेख करायचे. "ते कडंचं ऱ्हायलं." "दमानं." पेटीतली पाण्याची पन्हाळी भरताना मी त्यांना आमच्या गिरणीचं सांगितलं. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून खात्यात सारखा पाण्याचा फवारा चालू ठेवावा लागतो.

"म्हंजे सुताचं आन अंड्याचं एकच," मामा म्हणाले. आमच्या लग्नानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल काही बोलायची ती पहिलीच वेळ.

आठवडा झाल्यावर एका रविवारी दुपारी पडदे ओढून घेतले आणि टॉर्चच्या उजेडावर एकेक अंडं धरून बघितलं. पहिलं रिकामं निघालं, नुसतं पिवळं. दुसऱ्यात बारीक तांबड्या शिरांचं जाळं पसरलेलं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता.

मामांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि एक डोळा मिटून बघितलं. माझं मनगट घट्ट धरलं आणि मी टॉर्च विझवेपर्यंत सोडलं नाही.

"वैजे," मग त्यांनी हाक मारली, "हिकडं ये. तुझ्या आयेच्या कोंबडीचं हाय."

वैजू पिठाच्या हातानं आली, बघितलं, आणि तशीच आत गेली. पोळपाटाचा आवाज बराच वेळ आला नाही.

त्याच आठवड्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गेला. वैजूचा गिरणीत फोन आला, मी अर्धी रजा टाकून घरी आलो. बघतो तर मामा कॉटवर भिंतीला टेकून पाय पसरून बसलेले. मांडीवर पेटी, पेटीवर दोन गोधड्या, गोधड्यांवर त्यांचे दोन्ही हात. डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या. वैजू स्वयंपाकघरात पुढचं पातेलं तापवत होती.

"कधीपासून बसलेत?"

"तुम्ही गेल्यावर तासाभरात लाईट गेली. तेव्हापासून हलले नाहीत. चहासुद्धा मी पाजला."

मी म्हणालो, "मामा, आता मी बसतो." ते तयार होईनात. शेवटी पेटी दोघांच्या मांड्यांवर आडवी घेऊन आम्ही शेजारी शेजारी बसलो. वैजू बाटल्या बदलत होती. त्या बैठकीत मामा जेवढं बोलले तेवढं मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाई अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीशी कशा बोलायच्या, तिला पाणी प्यायला उठवताना कशी समजूत घालायच्या. कोंबडी शेवटच्या दिवसांत अंड्याशी कशी कुकुक कुकुक करते आणि आतलं पिल्लू कसं ऐकतं.

"ह्या पेटीला तेवढं येत न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर थोडे लाजत, पेटीवर तोंड नेऊन "कुकुक, कुकुक" केलं. दिवे आले तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती आणि माझे दोन्ही पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते.

पुढच्या दोन-तीन दिवसांतली गोष्ट. सकाळी अंडी फिरवताना मला एक फुली वेगळी वाटली. माझ्या फुल्या आडव्यातिडव्या, घाईत मारलेल्या. ही नीटस होती. अंडं टॉर्चवर धरलं. आत काहीच नव्हतं. सगळं स्वच्छ, ताजं. रिकामी अंडी तर आम्ही रविवारीच काढून टाकली होती. नीट पाहिलं तर तशी आणखी दोन सापडली.

मी झाकण लावलं आणि तिथंच उभा राहिलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामा रोज सकाळी मंडईपर्यंत पाय मोकळे करून यायचे आणि परत येताना त्यांचा एक हात खिशात असायचा. आल्या आल्या ते थेट मागच्या खोलीत जायचे. नवीन अंडी म्हणजे नवीन तीन आठवडे. माणूस तोंडानं "जाणार, जाणार" म्हणत होता आणि हातानं राहायची सोय करत होता. मला हसू आलं. रिकाम्या घरात परत जायला त्यांना नको होतं. पण ते सांगणार कसं? जावयाला?

मी कुणालाच काही बोललो नाही. वैजूलाही नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना एका बाईकडून दोन गावठी अंडी घेतली, त्या नीटस फुलीसारखी फुली जमेल तशी काढली आणि पेटीत ठेवून दिली. म्हटलं, म्हाताऱ्याला तेवढाच आधार. राहा म्हणून सरळ सांगायचं सोडून मी अंडी ठेवत होतो.

पहिल्या अंड्याला तडा गेला तो दिवस गिरणीच्या सुट्टीचा होता. सकाळपासून पेटीतून चिवचिव ऐकू येत होती, कवचाच्या आतून. झाकण उघडायचं नाही, आतला ओलावा जातो, म्हणून आम्ही तिघं झाकणावरून बघत होतो. वैजू पेटीला कान लावून जमिनीवर आडवी झाली होती. मामा खुर्चीत पुढं सरकून कुकुक कुकुक करत होते. आता त्यांना माझी लाज वाटत नव्हती.

दुपारपर्यंत पहिलं पिल्लू बाहेर आलं. ओलं, चिकट, मान टाकलेलं. ते बघून वैजू घाबरली. "मेलं का हो?"

"दमलंय," मामा म्हणाले. "जन्माला येणं काय सोपं हाय?"

संध्याकाळपर्यंत सात निघाली. पेटीत पिवळ्या-तपकिरी गोळ्यांची नुसती धांदल उडाली. वाळलेली पिल्लं आम्ही बल्ब लावलेल्या खोक्यात काढली, तेव्हा मामांनी खिशातून मूठभर बारीक कण्या काढल्या.

"मंडईतनं आणत हुतो, रोज थोड्या थोड्या," ते म्हणाले. "उद्यापासनं लागतील."

मी त्या कण्यांकडे बघत राहिलो.

मामांनी पेटीत नजर टाकली. "ती ऱ्हायलेली पाच टाकून द्या. आता ती काय निघत न्हाईत."

"राहू द्या, मामा. थोड्या दिवसांनी निघतील."

"थोड्या दिवसांनी कशी? सगळी एका दिवशीच ठिवलीत न्हवं?"

मी आवाज खाली आणला. "मामा, मला माहीत आहे. काही हरकत नाही. मीही दोन ठेवली."

"काय ठिवली?"

"अंडी. मागाहून."

"कशापायी?"

"तुम्ही तीन ठेवलीत म्हणून."

मामा माझ्याकडे बघत राहिले. "जावईबापू, मी कशाला ठिवू? आन ठिवली असती, तर ह्या काळ्या चष्म्यातनं मला फुली मारता येती व्हय?"

आम्ही दोघांनीही एकदमच स्वयंपाकघराकडे बघितलं.

वैजू ओट्याशी पाठमोरी उभी होती. हातात लाटणं, पण ते चालत नव्हतं.

"वैजे," मामा म्हणाले.

"अजून दहा-बारा दिवस लागतील त्यांना," ती मागं न वळता म्हणाली. "एवढ्यात टाकू नका."

मी उठून आत गेलो. "मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं?" ती हळू बोलली, पण बाहेर ऐकू जाणार नाही एवढी हळू नाही. "त्या खोलीत तुमची आई सहा वर्षं होती. शेवटची दोन अंथरुणावर. तेव्हा कुणी कुणाला विचारलं होतं? त्या आपल्या घरी होत्या, इतकंच. माझ्या बापासाठी मात्र मी तुमच्याकडं अर्ज करायचा? मला वाटलं, तुम्ही म्हणाल. रोज वाटायचं, आज म्हणाल. म्हटलं, तेवढे दिवस तरी मिळू देत तुम्हाला."

माझ्या आईची वेणीफणी करणारी, तिला भरवणारी वैजू मला आठवली. सहा वर्षांत तिनं मला एकदाही त्याचं काही ऐकवलं नव्हतं. त्या दिवशीही ऐकवलं नसतं, अंडी सापडली नसती तर.

मी बाहेर आलो. मामा खोक्याजवळ बसले होते. एक पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं आणि ते त्याच्याकडेच बघत होते.

"मामा, इथंच राहा. कायमचे," मी म्हणालो. "अंड्यांचं सोडा. आम्हाला दोघांनाही तुम्ही इथं हवे आहात."

त्यांनी पिल्लू खोक्यात सोडलं.

"उद्या निघतो," मग ते म्हणाले. "आठाची गाडी हाय."

दुसऱ्या दिवशी ते गेले. पिल्लं टोपलीत घातली, वर फडकं बांधलं. वैजूनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, डोळ्यांचे थेंब कधी घालायचे ते तीनदा सांगितलं. स्टँडवर गाडीत बसताना मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी येईपर्यंत वैजू रडली नाही. घरी आल्यावर मागच्या खोलीतली चादर काढून धुवायला टाकली आणि नळ सोडून बसली. नळ बराच वेळ चालू होता.

मला वाटलं, मी उशीर केला. तीन आठवडे तो माणूस माझ्या घरात होता आणि सगळं उघडं पडल्यावर मी तोंड उघडलं. कुठल्या मानी माणसाला ते चाललं असतं?

राहिलेली पाच अंडी आम्ही चालू ठेवली. सकाळी मी फिरवायचो, दुपारी वैजू. आम्ही त्याबद्दल फारसं बोलत नव्हतो. एकदा पेटीवर वाकून मी हळूच कुकुक केलं, आणि मागं वैजू दारात उभी होती. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

वैजूच्या तीन अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. माझी दोन्ही निघाली, चार दिवस उशिरानं. मी गावात पुतण्याच्या घरी फोन लावला. मामा घरी नव्हते. "तालुक्याला गेल्यात," पुतण्याची बायको म्हणाली. "रोजच जात्यात आताशा." निरोप ठेवला, पिल्लं निघाली म्हणून सांगा. उलट फोन आला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी कामावरून आलो, तर दारात छोटा टेम्पो उभा होता. आत लाकडी खुराडं, तांब्याचा हंडा, सासूबाईंचा पाटा-वरवंटा, गुंडाळलेलं अंथरूण. खुराड्यात आमची ती सात पिल्लं चांगली टणटणीत झाली होती. मामा ड्रायव्हरला सूचना देत होते आणि वैजू पायरीवर उभी होती. तिला काय करावं ते सुचत नव्हतं.

"जावईबापू, हात लावा," मामा म्हणाले. काळा चष्मा गेला होता. "हंडा जड हाय."

आम्ही हंडा आत आणून ठेवला. मामा कॉटवर बसले, पाणी प्यायले.

"त्या दिवशीच राहिला असता तर काय झालं असतं, मामा?" मी विचारलं. "आम्हाला वाटलं, तुम्ही रागावून गेलात."

"राग कशाचा?" ते म्हणाले. "पर डोळ्याला आलो आन तसाच ऱ्हायलो, असं नको हुतं मला. चोरून ऱ्हायल्यासारखं झालं असतं. गावात गेलो. देवळापुढं बसून सगळ्यांना सांगितलं, मी लेकीकडं ऱ्हायला चाललोय. जावयानं तोंडानं बोलावलंय. कुणाला काय बोलायचं आसंल ते म्होरं बोला. कुणी काय बोललं न्हाई. एकदोघं तर म्हणाले, नशीबवान हाईस."

मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. तहसीलचा शिक्का असलेला दाखला होता. रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा.

"आता तुमच्या कार्डात घाला," मामा म्हणाले. "त्यासाठनंच येवढे दिवस लागले. रोज उद्या या म्हणायचे."

वैजूनं माझ्या हातातून तो कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला.

"माझं लग्न झालं तेव्हा," ती म्हणाली, "माझं नाव तुमच्या कार्डातनं कमी करायला तुम्हाला दोन वर्षं लागली होती, आबा. इथं ह्यांची आई सारखी विचारायची. तुम्ही म्हणायचा, साहेब जागेवर नाही."

"साहेब रोज जागेवर असायचा," मामा म्हणाले. "माझंच पाऊल उचलत न्हवतं."